चालू दे तिला

१९ नोव्हेंबर, रविवार

मला बसमधून काढलं!

मेसेज आला तेव्हा मी शाळेच्या हॉलमध्ये गाण्याच्या तालमीत होते. "हाय सिन्ने! आज मीटिंगमध्ये मतदान झालं. तू खूप गोड आहेस, पण तू कधी असतच नाहीस आणि त्याने बसचा मूड जातो. राग नको मानूस हं! मिठी." खाली तीन लाल बदाम. कोर्नेलियाने लिहिलंय. मिठी म्हणे!

दोन वर्षांहून जास्त! दर रविवारी द्रामेनहून गाडीने आस्केर, तिथून टेकडी चढून कोर्नेलियाच्या घरी. बसला रंग कुठला, आत स्पीकर कुठले, कोण कुणाच्या शेजारी. मे महिन्यात शेवटच्या वर्षाच्या पोरांनी, रुस म्हणतात आम्हाला, लाल डंगऱ्या घालून त्या बसमधून बोंबलत फिरायचं आणि मग शाळा संपली, सुटलो. त्या एका महिन्यासाठी सगळं चाललं होतं. बसचं 'हुल्द्रा' हे नावसुद्धा माझं! जंगलातली ती देखणी बाई, पुढून राणी आणि मागे गाईचं शेपूट. मीच म्हटलं होतं, सगळ्यांनी डंगरीला शेपूट शिवू या. कोर्नेलिया म्हणाली होती, "ईई, शेपूट?" आणि महिन्याभरात तीच लोकांना सांगत सुटली की तिला सुचलं.

आज तालीम होती म्हणून गेले नाही. मागच्या रविवारीही नाही, त्याच्या मागच्याही नाही. मान्य. पण तिरिल होती ना तिथे? तिरिल बालवाडीपासूनची माझी. मम्मा-पप्पा वेगळे झाले, मम्मा मला घेऊन आस्केरहून द्रामेनला आली, तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त रडली होती. आज ती त्या खोलीत बसलेली होती. तिने काय केलं? हात वर केला? की खाली बघून नखं खात बसली?

तिचा मेसेज नाही.

२० नोव्हेंबर

तिरिलचे दोन फोन. उचलले नाहीत. काय सांगणार ती? "मला इतकं वाईट वाटलं गं, पण..." हा 'पण' ऐकायची माझी तयारी नाही.

सगळ्यांना ब्लॉक केलं. आधी कोर्नेलिया, मग बाकीच्या, शेवटी तिरिल. तिच्यापाशी बोट अडलं. मग दाबलं.

१३ डिसेंबर

आज लुसियाचा सण. मम्मा काम करते त्या वृद्धाश्रमात मेणबत्त्या घेऊन गायलो. केसात मेण.

येताना मम्माने विचारलं, "तिरिल हल्ली येत नाही ती?" म्हटलं, बसच्या कामात आहे. "आग लागो त्या बसला," मम्मा म्हणाली. तिला अजून सांगितलेलंच नाही.

८ जानेवारी

विल्यार भेटला. आमच्या शाळेत दोन वर्षं पुढे होता तो. आता त्याच्या आईच्या गॅरेजमध्ये बसवाल्यांची गाणी करतो. हल्ली प्रत्येक बसला स्वतःचं गाणं लागतं, ते ऑर्डर देतात आणि हा करून देतो. त्याला मुलीचा आवाज हवाय.

"तुझा आवाज कसा, सर्दी झाल्यासारखा आहे," म्हणाला.

"आभारी आहे!"

"अगं तोच पाहिजे मला!"

कुठल्या बससाठी, विचारलं. म्हणाला, "अजून शब्दच आले नाहीत, बसचं काय विचारतेस?" त्याची पद्धत अशी की आधी चाल. चालीवर तोंडाला येईल ते बरळायचं, ला-दी-दू, तू-दी-दाय. चाल पक्की झाली की बसवाल्यांकडून शब्द घ्यायचे आणि त्या बरळण्याच्या जागी बसवायचे. गॅरेजमध्ये हीटर नाही. जॅकेट-टोपी घालून, बर्फाची फावडी आणि त्याच्या बापाचे टायर यांच्यामध्ये उभी राहून तीन तास तू-दी-दाय केलं. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा पोट दुखेपर्यंत हसले.

३ फेब्रुवारी

नीट लिहिते.

शब्द आले. विल्यारने फोन माझ्यासमोर धरला. वरती लिहिलेलं: हुल्द्रा.

तो काही मुद्दाम करत नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नाहीये की मी तिथे होते आणि मला काढलं. सुरुवातीला नेहमीचंच होतं, आम्ही सुंदर, आम्ही भारी, शेपूट हलव, शेपूट हलव. आणि जिथे माझं तू-दी-दाय होतं, गाण्यातली सगळ्यात उंच जागा, तिथे:

निघाली ना ती? जाऊ दे!
चालू दे तिला, चालू दे!

ही मी. काढलं ते पुरलं नाही, गाण्यातही घातलं! कोर्नेलियाचा आवाजच ऐकू आला मला त्यात. सगळ्या हसल्या असतील. तिरिलही? तिने वाचलं असणारच, सगळे शब्द सगळ्या वाचतात.

खरं तर जॅकेट अंगातच होतं, दार उघडून चालू लागायचं. मी काय केलं? गायले! एकदाच, पहिल्याच फटक्यात. 'चालू दे'ला घसा फाटला तरी सूर सोडला नाही. विल्यारने कानांवरचं काढून ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"हे काय होतं?"

"सर्दी," म्हटलं.

त्याला एवढंच सांगितलं की माझं नाव बसवाल्यांना सांगायचं नाही. तो म्हणाला बरंच झालं, त्यांना गुपित आवाजच हवाय, हुल्द्राचा.

अपमान माझा आणि तो गाणारीही मीच. असं का केलं मी? राग काढायला? की त्यांच्या बसमध्ये कसंही करून शिरायला? काही कळत नाही. झोपते.

१५ मार्च

गाणं आलं. शाळेच्या बसथांब्यावर दोन मुलं शेपूट हलवत होती. मी पुस्तकात डोकं घातलं.

२७ मार्च, हेमसेदाल

ईस्टरसाठी मामाच्या लाकडी घरी. स्कीच्या रांगेत माझ्या पुढे पाच-सहा वर्षांची पोरं, नाकातून शेंबूड, आणि गळा काढून "चालू दे तिला!" त्यांना काय माहीत बस कसली नि काय कसलं.

दुपारी मम्मा उन्हात बसून संत्रं सोलत होती आणि गुणगुणत होती. तेच!

"मम्मा, हे मी गायलंय."

"काय गायलंयस?"

"हे. आत्ता म्हणतेयस ते."

मम्माचा हात थांबला. "हा शेपटीचा वाह्यात प्रकार? तू?" मग हात पुसले आणि म्हणाली, "म्हण बघू."

म्हटलं. मामा आतून बाहेर आला. मम्माने अर्धं संत्रं मला दिलं. मग तिला बसचंही सगळं सांगितलं. तिरिलचंही. मम्मा म्हणाली, "तू तिला विचारलंस का?" म्हटलं, काय विचारायचं? म्हणाली, "तेच, की तू काय केलंस." मी म्हटलं, मम्मा, तुला नाही कळायचं. आणि स्की घेऊन निघून गेले.

२१ एप्रिल

लाल डंगऱ्या निघाल्या. आमच्या वर्गाला बस नाही. आम्ही पायी. पायी फिरणाऱ्या रुसांना सगळे वर्षानुवर्षं चिडवत आलेत, भिकारडे म्हणून. आज द्रामेनच्या चौकात एका बसच्या खिडक्यांतून सुरू झालं, "पायी! पायी!" आणि आमच्यातून कुणीतरी ओरडलं, "चालू दे तिला!" मग सगळेच. पाय आपटत, बसच्या समोर उभं राहून, अख्खा चौक! दुसऱ्या शाळांचे पायीवाले धावत येऊन मिसळले. लोकरीची शेपटं शिवलेली होती काहींनी. बसमधली मुलं गप्प झाली आणि ड्रायव्हरने हळूच बस मागे घेतली.

ती शिवी होती! माझ्यासाठी बनवलेली. आणि आता ह्यांची घोषणा झाली. मी मध्ये तोंड मिटून उभी. शेजारची मुलगी कोपर मारून म्हणाली, "गा की गं! तू तर गाणारी आहेस ना?"

हसावं की रडावं. शेवटी दोन्ही केलं, तिला वाटलं मी प्यायलेय.

४ मे

मोठ्या मेळाव्याला गेलो. शेकडो बस. हुल्द्रा दिसली. काळीनिळी, मी निवडला होता तोच रंग. छतावर सगळ्या जणी शेपटं उडवत होत्या, मध्ये कोर्नेलिया. माझाच आवाज, माझ्याच बसमधून, छाती दणाणेल एवढा मोठा. मी शौचालयाच्या रांगेआड उभी राहून बघत होते. तिरिल काही दिसली नाही. मला बघून आत लपली असणार. लपेलच.

१० मे

देशात पहिला नंबर!! विल्यारने फोन करून यादी दोनदा वाचून दाखवली. मग म्हणाला, "सगळे विचारतायत आवाज कुणाचा. एक मोठी रेकॉर्ड कंपनीही. सांगू का आता?"

म्हटलं, सांग.

संध्याकाळपर्यंत माझा फोटो सगळीकडे. शाळेतल्या ओळखपत्रावरचा, त्यात मी घोरपडीसारखी दिसते. कंपनीची विबेके नावाची बाई आहे, ती इतकं भरभर बोलते की मी फक्त "हो" म्हणते. काय काय "हो" झालंय माहीत नाही.

आणि अनोळखी नंबरवरून मेसेज: "आमची सिन्ने!!! वेडे, सांगितलं का नाहीस! सतरा मेला बसवर ये, छतावर उभी राहा, सगळ्या एकत्र गाऊ! तुझी को." आता बदाम सहा.

लाज वाटते लिहायला, पण जावंसं वाटलं. खूप. त्या छतावर उभं राहण्यासाठीच तर दोन वर्षं टेकडी चढले. तिरिलचं नाव नाही मेसेजात. तिलाही वाटलं असतं तर दोन शब्द तीही लिहिती.

१७ मे

गेले नाही. राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत चालले, आइस्क्रीम खाल्लं, लहान पोरांना माझी रुसकार्डं, नाव-फोटो छापलेली, वाटली. दिवसभर कान मात्र बसकडे.

११ जून

तोंडी परीक्षा संपली. आणि काल ऑस्लोत पहिल्यांदा खऱ्या स्टेजवर!

विल्यार मागे, त्याचं बटण चालेना. मग चाललं. ती ओळ आली आणि माझ्या आधी लोकच म्हणाले. समोर सगळं माणूसच माणूस, आणि सगळे माझ्याकडे बोट करून ओरडतायत, चालू दे तिला! एक क्षण वाटलं मला खरंच हाकलतायत. पाय मागे आला माझा. मग बघितलं तर पुढच्या रांगेतली मुलगी रडत होती आणि हसत होती आणि हात पसरून उभी होती.

नंतर कठड्यापाशी थांबलेले लोक. प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. एकीला वर्गातल्या कुठल्याच वाढदिवसाला बोलावलं नव्हतं. एक पन्नाशीचा बाप्या, छत्री घेऊन आलेला, म्हणाला, "मलाही मागे ठेवून गेले होते गं, बोटीने." त्याने पुढे सांगितलं नाही. माझा हात दाबला आणि गेला.

ह्या सगळ्यांना वाटतं मला त्यांचं दुःख कळतं. कळतं का? मी तर रागाने गायले होते.

१४ जून

टीव्हीवर मुलाखत. सकाळची, समोर वाफेल्स ठेवलेल्या, खायच्या नसतात. मुलाखत घेणारा भला माणूस होता, तेच वाईट झालं. त्याने हसत विचारलं, "ही चालणारी मुलगी आहे तरी कोण?"

विबेकेने सांगितलं होतं, म्हण की ती आपण सगळेच. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "मी."

मग थांबताच येईना. बसचं, मतदानाचं, मिठी आणि बदाम. आणि मग म्हटलं, "माझी बालवाडीपासूनची मैत्रीण त्या खोलीत होती. ती गप्प बसली." नाव घेतलं नाही. पण आस्केरमध्ये कुणाला नाव लागतं?

त्या माणसाचे डोळे भरले. कॅमेऱ्यामागच्या बाईचेही. मला हलकं वाटलं, आणि लगेच ते शब्द परत घ्यावेसे.

१६ जून

विबेके: "हीच! हीच तर गोष्ट होती, आणि तू ती लपवून ठेवली होतीस?" सगळ्या पेपरांत आहे. चालणारी पोर, म्हणतात मला. परदेशातूनही फोन.

मम्मा भांडी घासत होती. वळली नाही.

"टीव्हीवर कशाला सांगायचं ते?"

"खरं होतं म्हणून."

"खरं आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"मम्मा, मला काढलं तेव्हा ती तिथे होती!"

"होती," मम्मा म्हणाली. "एवढंच माहीत आहे तुला." आणि तवा इतका घासला की त्याचं काळं निघालं.

सगळा देश माझ्या बाजूने आणि घरात हे असं. रागाने दार आपटलं. मग पाणी प्यायला परत तिथेच जावं लागलं.

२ जुलै

लोक तिरिलच्या फोटोंखाली वाट्टेल ते लिहितायत. विल्यारने दाखवलं. 'सापीण.' 'गप्प बसणारी.' 'आता तू चाल.' तिचे फोटो जुनेच, शेवटचा मागच्या उन्हाळ्यातला, आम्ही दोघी धक्क्यावर खेकडे पकडताना. त्याच्याचखाली. तिने काढून का टाकला नाही?

वाचताना आधी बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, वाटलं. मग फोन विल्यारच्या हातात कोंबला.

"थांबवायचं का? तू काहीतरी लिही," तो म्हणाला.

काय लिहू? की तिला माफ केलं? केलंय का? ती स्वतः एक शब्द बोलत नाही. निर्दोष माणूस ओरडून सांगेल ना?

२१ जुलै, बोडो

पाऊस, माशाचं सूप, स्टेज, गाडी. परवा कुठे होते विचारलं तर सांगता येणार नाही. रात्री अंधारच होत नाही इथे, झोप कधी हेच समजत नाही.

मध्ये बोलायला सांगतात, गाण्याच्या आधी. ती गोष्ट. आता पाठ झालीय मला. 'तीन लाल बदाम'ला लोक हसतात. 'ती गप्प बसली'ला थांबायचं, मग सगळीकडून उसासा येतो. आज उसासा यायच्या आधीच मला माहीत होतं, आता येईल. आला. हे मला घडलेलं आहे की कुणाचं तरी मी सांगतेय?

पण शर्टांवर माझ्या तोंडचे शब्द छापलेत आणि लोक ते घालून माझ्यासमोर पावसात उभे राहतात. ह्याहून जास्त कधी काय हवं होतं मला? हेच हवं होतं. मग आनंद का होत नाही? होतो. होतो आणि मग कुठेतरी जातो.

९ ऑगस्ट, द्रामेन

दोन दिवस घरी. जिन्यात कोर्नेलिया बसली होती.

ओळखलीच नाही आधी. केस बांधलेले, कुठल्याशा सुपरमार्केटचा शर्ट. आत ये म्हटलं तर म्हणाली नको.

"तू थांबव हे," म्हणाली. "माझ्या आईच्या दुकानाच्या काचेवर लिहून जातात. बाकीच्यांनाही रोज शिव्या. आम्ही तुला काढलं, बरोबर. घाण वागलो. मी लिहिला तो मेसेज, मला तो वाचून स्वतःची लाज वाटते. पण सारखं सारखं ती ओळ माझ्यावर, ती ओळ माझ्यावर काय लावलंयस तू? ती ओळ तुझ्यावर नाहीच!"

"मग कुणावर आहे?"

तिने माझ्याकडे असं बघितलं जशी काही मी वेडी आहे.

"तिरिलवर. अजून कुणावर?"

तीच बोलत होती, "मतदान झालं. तुला काढायचं ठरलं. तिरिल म्हणाली, मग मलाही काढा. आम्हाला वाटलं, नाटक करतेय. तिने उठून बूट घातले. ती माझ्या गाडीतून आली होती, बाहेर बर्फ, स्टेशन खाली कुठल्या कुठे. कुणीतरी म्हणालं, सोडून येऊ का तिला. मी म्हटलं, बसा गं सगळ्या. निघाली ना ती? जाऊ दे. चालू दे तिला. आणि सगळ्या खिडकीतून बघत होतो, ती घसरत घसरत उतरत होती, आणि हसत होतो. मग बसमध्ये ते नेहमीचंच झालं. कुणी लवकर घरी निघालं की सगळ्या ओरडायच्या, चालू दे तिला! म्हणून गाण्यात घातलं." कोर्नेलियाने नाक पुसलं. "तू तर तिथे नव्हतीसच, सिन्ने. तुझ्यावर ओळ कशी करणार? तुझी कुणाला आठवणही नव्हती."

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नाही. नुसतं सांगितलं.

"तिरिल कुठे आहे?" विचारलं.

"मला काय माहीत! ती त्या दिवसापासून आमच्याशी एक शब्द बोललेली नाही. मला वाटायचं तुझ्याशी तरी बोलत असेल."

ती गेली. मी जिन्यातच बसून राहिले. वरच्या मजल्यावरच्या काकू कुत्रा घेऊन उतरल्या, म्हणाल्या, "आमची गायिका!" मी हसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी केलेले ते दोन फोन. मी उचलले असते तर? नोव्हेंबरपासून ती एकटी. बस नाही, त्या नाहीत, मी नाही. आणि माझ्या आवाजात तिची फजिती अख्ख्या देशभर, आणि वरून मीच टीव्हीवर बसून सांगितलं की ती गप्प बसली. लोकांनी तिला सापीण म्हटलं आणि मला बरं वाटलं!

विबेकेला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं. ऐक. आत्ता नको. पुढच्या शनिवारी त्रोन्हाइम आहे. लोकांचं प्रेम आहे तुझ्या गोष्टीवर."

"पण ती माझी गोष्ट नाहीये."

"आता आहे," ती म्हणाली.

मम्मा कामावरून आली. तिला सांगितलं. वाटलं म्हणेल, बघ, मी म्हटलं होतं. तिने माझ्या शेजारी जिन्याच्या पायरीवर बसून पिशवीतलं पाव-चीज काढलं आणि अर्धं मला दिलं. म्हणाली, "फोन कर."

"ती नाही उचलणार."

"मग नाही उचलणार."

ब्लॉक काढलं. आत काहीच नव्हतं, रिकामी पाटी. तिने पाठवलेलं सगळं कुठे गेलं कुणास ठाऊक. तिचं नाव बघत बसले आणि फोन केला नाही. हजारो लोकांसमोर उभी राहते मी आणि हे एक बटण दाबवत नाही.

१० ऑगस्ट

विल्यारला म्हटलं, त्रोन्हाइमला ती गोष्ट सांगणार नाही. खरी सांगीन, नाहीतर गाणारच नाही. तो म्हणाला, "विबेके तुला फाडून खाईल." मग म्हणाला, "मी बटणापाशी आहेच."

पण आधी तिला विचारायला हवं. तिची गोष्ट आहे, पुन्हा न विचारता कशी सांगू? म्हणजे फिरून तो फोनच.

११ ऑगस्ट

केला. पहिल्याच रिंगला उचलला तिने.

म्हटलं, "मला माहीत नव्हतं. ती तू होतीस हे मला परवा कळलं."

तिरिल म्हणाली, "मला वाटलं होतं तुला माहीत आहे. पहिल्याच ओळीत तुझा आवाज ओळखला मी. 'चालू दे'ला तर रडायलाच आलं. वाटलं, सिन्नेला कळलंय सगळं, सिन्ने माझ्यासाठी गातेय. अख्खा मे महिना ते कानाला लावून एकटी फिरले, लाल डंगरी घालून. मजेत होते मी."

"मग?"

"मग तुझी मुलाखत बघितली."